पुण्याची उजवी, कोल्हापूरची डावी

ओल्या काळ्या दगडावर चिकटवलेली तगरीची पाकळी एकदम पडत नाही. आधी तिची वरची कड कोरडी होते. मग ती कड दगडापासून किंचित सुटते आणि बाहेरच्या बाजूला वळते. मधला भाग अजून ओला असतो, म्हणून पाकळी तशीच लटकून राहते. खालचं पाणी सुकलं की पडते. हवा कोरडी असेल तर हे चटकन होतं. आषाढात मात्र ते होईलच असं सांगता येत नाही.

मी हे आमच्या गावच्या रवळनाथाच्या देवळात, बायकांच्या बाजूला खांबाशी उभी राहून बघत होते. देवाच्या उजव्या खांद्यावर एक पाकळी होती आणि डाव्या खांद्यावर एक. उजवी आधी पडली तर मी पुण्याला जाणार होते. डावी आधी पडली तर कोल्हापूरला.

"पडली?" बाबांनी विचारलं.

"नाय," बाळा गुरव म्हणाला.

"वायच हलल्यासारखी वाटली."

"मधू, तू हललंस."

बाबा खाकी गणवेशात होते. खांद्याला चामड्याची पिशवी होती, आणि त्यांचा एक डोळा देवावर तर दुसरा दाराबाहेरच्या लाल गाडीवर होता. ते कंडक्टर होते. तालुक्याहून येणारी गाडी देवळासमोरच्या मैदानात वळायची, अर्धा तास थांबायची आणि परत जायची. त्या अर्ध्या तासात बाकीचे कंडक्टर चहा पीत. बाबांनी त्यात देवाला बसवलं होतं.

"रजा घेतली असतीत तर?" आई सकाळी म्हणाली होती.

"कित्याक? पाकळी पडाक कितीसो वेळ लागता?"

कौल लावणं ही आमच्या भागातली जुनी रीत आहे. माणसांचं एकमत होत नसेल तर देवाला विचारायचं. तो उजवी-डावी पाकळी पाडून उत्तर देतो, आणि मग कोणी कुरकुर करायची नाही. आमच्या घरात बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भाऊकाका, यांचं कशावरच एकमत होत नसे. त्यामुळे देवाला आमचं बरंच काम असे. विहिरीवरचा पंप कुठला घ्यायचा, पडवीवर पत्रे घालायचे की नाही, धाकट्या आत्येच्या लग्नात जेवणाला कुठला आचारी सांगायचा, हे सगळं रवळनाथाने ठरवलं होतं. आचाऱ्याच्या बाबतीत तो चुकला, असं भाऊकाका खाजगीत म्हणत.

या वेळचा प्रश्न मोठा होता. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. एम.एस्सी.साठी पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात मला प्रवेश मिळाला होता, आणि कोल्हापूरच्या सरकारी विद्यापीठातही. कोल्हापूरची फी बाबांच्या पगारात बसत होती. पुण्याच्या फीचा आकडा बाबा कधी मोठ्याने वाचत नसत. त्यावर बोट ठेवून ते फक्त "हां" म्हणत. तो हां भरायचा तर आमची हापूसची कलमं विकावी लागणार होती. बाग दोघा भावांची सामायिक होती आणि भाऊकाका सही करायला तयार नव्हते.

"कलमां इकून शिकयतलंस," ते बाबांना म्हणाले होते, "मगे मे म्हयन्यात तुजां चेडू घराक इला काय तेका खावक काय देतलंस? फीची पावती?"

पुण्याबद्दल बोलताना बाबांची भाषा बदलायची. घरी, गाडीत, बाजारात ते मालवणी बोलत. पण पुण्याचा विषय निघाला की त्यांच्या तोंडून त्या विद्यापीठाच्या गुळगुळीत पुस्तिकेतली वाक्यं येत. "तिथे सुसज्ज प्रयोगशाळा आहेत," ते तिकीट देता देता प्रवाशांना सांगत. "आंतरराष्ट्रीय दर्जाचं वातावरण आहे. पुढे चला, पुढे चला, मधी उभे रवा नको." वर्षभरात आमच्या मार्गावरच्या म्हाताऱ्यासुद्धा सुसज्ज हा शब्द वापरायला लागल्या. एकीने तो आपल्या नव्या गोठ्याबद्दल वापरलेला मी स्वतः ऐकला आहे.

पण हे स्वप्न मुळात बाबांचं नव्हतं, माझं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना ती पुस्तिका मीच कॉलेजमधून आणली होती. तिच्यातलं काचेच्या इमारतीचं चित्र कापून मीच कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. रोज कपाट उघडताना मी ते बघायचे. बाबांनी ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रवाशांना सांगायला सुरुवात केली. माणसाने एखादी गोष्ट गाडीभर सांगितली की ती मागे घेणं कठीण होतं. मुलीने मागे घेणं तर त्याहून कठीण.

मे महिन्यात आम्ही दोघं ती इमारत बघायला गेलो. बाबांनी लग्नाकार्याचा शर्ट घातला होता. गळ्यात पट्टा अडकवलेला एक तरुण आम्हाला सगळीकडे फिरवत होता आणि दर वाक्याला बाबांना 'सर' म्हणत होता. बाबांना आयुष्यभर लोकांनी "ओ कंडक्टर" म्हणून हाक मारली होती. तिसऱ्या-चौथ्या 'सर'नंतर त्यांची चालच बदलली. ते हात मागे बांधून चालायला लागले.

एका काचेच्या भिंतीपलीकडे एक मोठं पांढरं यंत्र होतं.

"हा आपला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, सर."

"छान आहे," बाबा म्हणाले. "यावर आमची शलाका काम करणार."

"त्यावर ऑपरेटर असतात, सर. विद्यार्थ्यांनी फक्त नमुना जमा करायचा. रिपोर्ट मेलवर येतो."

"म्हणजे बसल्या जागी!" बाबा माझ्याकडे वळले. "बघितलंस?"

मी बघत होते. इतक्या जवळून बघत होते की माझं नाक काचेला लागलं होतं. "हात कधी लावता येतो?" मी विचारलं.

"हात?" तो तरुण म्हणाला. "दुसऱ्या वर्षी एक प्रात्यक्षिक असतं. लांबून दाखवतात." मग त्याने खिशातून रुमाल काढून काचेवरचा माझ्या नाकाचा डाग हलकेच पुसला. उद्धटपणा नव्हता त्यात. त्याच्या कामाचाच भाग असावा.

परतीच्या वाटेवर बाबा झोपेतसुद्धा हसत होते. मी जागी होते.

कोल्हापूरला मी एकटीच गेले. पुण्याचं काही बिनसलंच तर असावं म्हणून कागद जमा करायला. खिडकीतल्या माणसाने मला एका सहीसाठी रसायनशास्त्राच्या विभागात पाठवलं. तिथे एका लांबट खोलीत मगदूम मॅडम नावाच्या बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर जुना स्लाइड प्रोजेक्टर, त्याच्या पुढ्यात दोऱ्याने बांधलेली इंजेक्शनची सिरिंज, आणि भिंतीवर एका पाण्याच्या थेंबाची टोपलीएवढी सावली.

"दार लाव, वारा येतोय," त्या मागे न बघता म्हणाल्या. मी लावलं. "हां. आता ये हिकडं. ही सिरिंज धर आणि त्या पानावर थेंब ठेव."

"मॅडम, मी सहीसाठी—"

"सही कुठं पळून चाललीय? धर की."

मी थेंब ठेवला. तो लवंडला. "परत," त्या म्हणाल्या. पुढचा फार मोठा झाला. "परत." मग एक नीट बसला. भिंतीवर त्याची गोल सावली पडली आणि तिच्या कडेचा पानाशी होणारा कोन आम्ही मोजला. ते करंजाचं पान होतं. सकाळी तोडलेल्या पानावर कोन एक येत होता, दुपारी तोडलेल्या पानावर दुसरा.

"का बरं?" मॅडमनी विचारलं.

मी पाठ केलेली दोन-तीन कारणं सांगितली. त्यांनी प्रत्येक कारणाला एकेक पान पुढे करून ते खोडून काढलं.

"मग का?" शेवटी मीच विचारलं.

"मला तरी कुठं माहितीय?" त्या म्हणाल्या. "बघत बसलेय कधीची. तुला सापडलं तर सांग." आणि त्यांनी सही केली.

शेवटची गाडी मी धावत पकडली. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की कागद जमा करायचे राहिलेच. दुसऱ्यांदा जावं लागलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर मी घरी सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा जेवताना.

"बाबा, मला कोल्हापूर—"

"नाही!" बाबांनी भाताचा हात वर केला. "मला तुझा चेहरा कळतो. तू आपल्या परिस्थितीकडे बघून बोलते आहेस. मी जिवंत असेपर्यंत माझ्या मुलीला त्याग करावा लागणार नाही." हे वाक्य पुस्तिकेतलं नव्हतं, पण त्याच भाषेत होतं.

"त्याग नाही, मला खरंच—"

आईने पदर डोळ्यांना लावला. ती विळीवर नारळ खवत होती. "केवढां समजूतदार गे माझां," ती म्हणाली आणि तिने माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

दुसऱ्यांदा मी गाडीत प्रयत्न केला. चार माणसांत बाबा ऐकून घेतील असा माझा अंदाज होता. "बाबा, कोल्हापूरच्या विभागात एक मॅडम आहेत," मी म्हटलं, "आणि मला वाटतं की मी—"

"ऐकलास?" बाबा मागच्या बाकावरच्या बायकांना म्हणाले. "बापाचे पैशे वाचवूक बघता."

"गुणाचां चेडू," एक म्हणाली. दुसरीने मला जवळ ओढून माझी दृष्ट काढली. त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी भाऊकाकांकडे जाऊन सहीचा विषय पुन्हा काढला, आदल्या वेळेपेक्षा मोठ्या आवाजात.

मी निरीक्षण करून एक निष्कर्ष काढला. मी जितक्या वेळा कोल्हापूर म्हणत होते, तितकी मी थोर होत होते. आणि मी जितकी थोर होत होते, तितकी आमची कलमं विकली जाण्याच्या जवळ येत होती. म्हणून मी बोलणं बंद केलं. माझ्या गप्प राहण्याचाही अर्थ बाबांनी लावला. "बघ, मनात पुणंच आहे," ते आईला म्हणाले.

भाऊकाका गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. दोघा भावांची पडवीत अशी जुंपली की शेजारचा कुत्रा उठून पलीकडच्या वाडीत गेला. शेवटी भाऊकाका म्हणाले, "देवाक इचारूया." बाबा म्हणाले, "इचार." प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मला कोणी विचारलं नाही. मला काय हवं ते सगळ्यांना माहीत होतं.

तर आम्ही देवळात होतो. बाळा गुरवाने गाऱ्हाणं घातलं होतं. एरवी तो हळू आवाजात बोलणारा माणूस. पण गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज पलीकडच्या डोंगराला लागत असे.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान, मधू परबान, आज तुज्या पायाकडे इचारणा केली हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"तेच्या चेडवाक पुण्याक धाडूचा तर उजवी दी, कोल्हापुराक धाडूचा तर डावी दी, आणि काय ता एकदाचां सोक्षमोक्ष करून टाक, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी म्हणजे पुणं हे ऐकताच मी समईकडे बघितलं. त्याला कारण होतं. शाळेत असल्यापासून मी एक गोष्ट बघून ठेवली होती. गाभाऱ्यातली मोठी समई देवाच्या उजव्या हाताला असते. तिच्या उष्णतेने उजवीकडची पाकळी आधी सुकते. आमचा देव बहुतेक वेळा उजवी, म्हणजे होकार, देतो आणि नवसाला पावणारा म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, त्यात समईचा वाटा मोठा असावा असं माझं मत होतं. हे मी कोणाला बोलले नव्हते. हा शोध माझ्या एकटीचा आहे, अशी माझी समजूत होती.

तेवढ्यात आई पुढे झाली. तिच्या हातात तेलाची बाटली होती. "बाळा," ती गुरवाला म्हणाली, "ती समई वायच डाव्या बाजूक सरकय. काजळी धरता हा."

मी चमकून आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"वयनी," बाळा गुरव म्हणाला, "समई जय आसा थयच रवतली. गेल्या खेपेक तुमच्या भावोजींनी पंखो आणललो, ता मी इसारलंय नाय."

"उकडत होतां म्हणान आणललंय," भाऊकाका म्हणाले. ते डाव्या बाजूच्या दारापाशी उभे होते. आता माझ्या लक्षात आलं की त्यांनी ते दार पूर्ण उघडून त्याला धोंडा लावला होता, आणि वारा नेमका देवाच्या डाव्या खांद्याकडे जावा अशा बेताने स्वतः अंग तिरकं करून उभे होते. बाबा उजव्या बाजूला होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती आणि उकडत असल्यासारखं करून ती हलवत होते, पण त्यांच्या तोंडाला त्यातला काहीच वारा लागत नव्हता. सगळा गाभाऱ्यात जात होता.

देवावर आमच्या घरात सगळ्यांची पूर्ण श्रद्धा होती. फक्त हवेच्या भरवशावर राहायला कोणी तयार नव्हतं.

"मधू, टोपी घाल," गुरव म्हणाला. "भाऊ, दार लाव. देवाक कौल लावलो हा, भात सुकत घातललो नाय."

टोपी डोक्यावर गेली. दार लागलं. पाकळ्या होत्या तिथेच राहिल्या. बाहेर पाऊस आडवा-तिडवा पडत होता आणि देवळातल्या हवेला जणू घाम आला होता. गाभाऱ्याच्या भिंतींवरूनच पाणी ओघळत होतं. अशा हवेत समईचंही काही चालेना.

बाहेर हॉर्न वाजला. मग ड्रायव्हर बस्त्याव फर्नांडिस चपला काढून दारात आला. "मधू, टायम झालो रे."

"आलोच. पाच मिनटां."

"कोणाक सांगतंस, माका काय देवाक?"

"दोघांक."

बस्त्याव परत गेला नाही. दारात उभा राहून तोही वर बघायला लागला. "खयची पुण्याची?" त्याने हळूच विचारलं. कोणीतरी दाखवली. त्याच्यामागून छत्र्या मिटत एकेक प्रवासी आत येऊ लागले. दृष्ट काढणारी बाई होती, नव्या गोठ्याची म्हातारी होती, मासळीची टोपली सांभाळणारी एक कोळीण होती. तिने टोपली सभामंडपाच्या बाहेर ठेवली आणि एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभी राहिली. गाडी रिकामी झाली. देऊळ भरलं.

"काय दिल्यान?"

"अजून कायेक देवक नाय."

"पुण्याक सुसज्ज आसा म्हणतत."

"कोल्हापुराक आमचो धाकटो झिल आसा. थय जेवणाचे हाल नाय."

"उजवी हलली!"

"डावी हलली!"

"गप रवा सगळी!" बाळा गुरव ओरडला. तो सकाळपासून उपाशी होता. कौल पुरा झाल्याशिवाय त्याला जेवता येत नसे. बस्त्यावने घड्याळ बघितलं. बाबांनी घड्याळ बघितलं. बाबांची गाडी कधी लेट झाली नव्हती, आणि हे ते पुण्याबद्दल बोलत नसतील तेव्हा सगळ्यांना सांगत असत. आता ते एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होते.

"बाळा," ते म्हणाले, "मी गाडी घेवन जातंय आणि उलटेक परत येतंय. तवसर पडात ती."

"कौल लावललो टाकून जातलंस?"

"मगे काय करू? ड्युटी आसा!"

"इचारणारो गेलो तर देव कोणाक सांगतलो? खांबाक?"

हे बोलता बोलताच बाळा गुरवाने कपाळाला हात लावला.

"मधू," तो म्हणाला, "इचारणा कोणाची हा?"

"माझी. आत्ताच नाय गाऱ्हाणां घातलंस, मधू परबान म्हणान?"

"तू शिकाक जातलंस?"

"मी कित्याक? शलाका."

"मगे तिका मागे खांबाकडे उभी करून तू पुढे काय करतंस? जेचो कौल, तेणा पुढे येवन बोलाक व्हया. माझ्या बापाशीपासून ह्याच चलता. तू घायघायीत इलंस, मी घायघायीत गाऱ्हाणां घातलंय. तुजी ती गाडी!" तो रागाने बस्त्यावकडे बघत म्हणाला. बस्त्याव दोन पावलं मागे सरला. "म्हणान देव गप आसा. ये गो बाय, पुढे ये."

बायकांनी वाट करून दिली. वाट कसली, ढकललंच. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यासमोर उभी राहिले. समईची धग चेहऱ्याला लागत होती. पाठीमागे ओल्या छत्र्यांचा आणि मासळीचा वास होता.

"आता देवाक सांग, तुज्या मनात काय आसा ता. मोठ्यान सांग."

"बाळा, तिच्या मनातलं मला ठाऊक आहे," बाबा शुद्ध भाषेत म्हणाले. "ती लाजते आहे. मी सांगतो—"

"मधू!" गुरवाचा गाऱ्हाण्याचा आवाज निघाला. "कौल लावललो आसा. इचारणारां बोलता तेव्हां मधी कोणी बोलाचा नाय. बापाशीन नाय, आवशीन नाय, काकान तर नायच नाय."

"मी खय काय बोललंय?" भाऊकाका म्हणाले.

"ह्यां बोललंस ताच."

कोळीण आत आली होती, पण कोणी तिच्याकडे बघितलं नाही. मी मागे वळून बाबांकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि चामड्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. त्यांच्या डोळ्यांत पुण्याची ती सबंध इमारत दिसत होती, लिफ्टसकट. मे महिन्यापासून पहिल्यांदाच ते माझं वाक्य तोडणार नव्हते. वाक्याचा शेवट कसा करायचा याचा मला सरावच नव्हता.

"देवा," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला.

"मोठ्यान, बाय. पाऊस आसा."

"देवा रवळनाथा. मी आधी पुण्याचंच स्वप्न बघितलं. ते बाबांनी माझ्यासाठी इतके दिवस सांभाळलं." बाबांनी मान हलवली. "मग मी ते जाऊन बघितलं. तिथे सगळं काचेच्या मागे आहे. कोल्हापूरला एका मॅडमनी माझं नावसुद्धा विचारलं नाही आणि माझ्या हातात सिरिंज दिली. मी पानावर थेंब ठेवला. तो तसा का बसला हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. मला ते शोधायचं आहे."

मागे कोणीतरी "थेंब?" असं कुजबुजलं आणि कोणीतरी त्याला चिमटा काढला. बाबांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा थोरपणा जमा होऊ लागला होता. माझ्या त्यागाचं कौतुक डोळ्यांच्या कडेपर्यंत आलं होतं. मला दिसलं की एवढ्याने भागणार नाही. मी पुन्हा देवाकडे तोंड केलं, आणि आई-बाबा घरात बोलतात त्याच मालवणीत, दारातल्या बस्त्यावलासुद्धा नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"आणि देवा, कलमां रवतीत म्हणान मी ह्यां सांगनंय नाय. पुण्याक माका कोणी फुकट नेल्यान, वर खावक-जेवक घातल्यान, तरी माका कोल्हापुराकच जावचा आसा."